चढावर गेलेला दगड

युजीनचं लग्न जमावं म्हणून त्याच्या आईने, डिंफ्ना ट्रेनरने, इतके नवस बोलले होते की तिचं नाव ऐकताच स्वर्गातले संतही कानांवर हात ठेवत असतील. पोरगा एक्केचाळीस वर्षांचा झाला होता. आमच्या मोनाघनमध्ये हे वय काही फार नाही. इथला पुरुष गाय निवडायला दोन बाजार घालवतो आणि बायको निवडायला वीस वर्षं. पण आईचं काळीज ते आईचं. शेवटी एका संध्याकाळी, चहात तिसरा चमचा साखर घालता घालता, युजीन म्हणाला, "मॅमी, मी लग्न करतोय," आणि जिने आयुष्यभर हेच मागितलं होतं त्या डिंफ्नाला भीतीच वाटली.

मुलगी वाईट नव्हती. फिलोमिना मार्की, पलीकडच्या गावच्या शाळेतली मास्तरीण. पस्तिशीची, उंच, आणि कितीही चढ असो, सायकलवरून खाली न उतरणारी. लग्न झालं की बाईने शाळा सोडायची हा नियम सरकारने नुकताच मोडीत काढला होता, त्यामुळे तिची नोकरीही टिकणार होती. डिंफ्नाला तिच्यात खोट काढायला फार कष्ट पडले. पण कष्टाला ती कधी मागे हटली नव्हती, आणि एक खोट तर फिलोमिनाने स्वतःहून हातात आणून दिली. ती म्हणाली, एका छपराखाली राहणार नाही. नवं घर बांधायचं, तेही टेकडीच्या पाठीमागे, जिथून सासूचं दार दिसत नाही अशा ठिकाणी.

आमच्याकडे सपाट जमीन अशी नाहीच. जिकडे बघाल तिकडे टेकड्या, टोपलीत अंडी भरून ठेवावीत तशा एकीला लागून एक, आणि मधल्या खळग्यांत तळी नाहीतर दलदल. एका घराला एक टेकडी, असा साधारण हिशोब. ट्रेनरांच्या टेकडीचं नाव ड्रमकारा. ती एका टोकाला उभी आणि बोजड, आणि दुसऱ्या टोकाला लांबच लांब निमुळती होत तळ्यापर्यंत उतरलेली. डिंफ्नाचं घर तिच्या उगवतीच्या कुशीत. मावळतीच्या कुशीत नुसती गुरं आणि वारा. फिलोमिनाला हवी होती ती मावळतीची बाजू.

डिंफ्नाच्या मनात मात्र विहिरीजवळचं शेत होतं. तिच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे घर झालं तर युजीनच्या दाराची कडी वाजलेली तिला कळली असती, तो रात्री किती वेळा खोकला हेही कळलं असतं. नवरा गेल्यापासून त्या खोकल्यावरच तिचा दिवस उगवायचा आणि मावळायचा.

"तुझ्या मास्तरणीला माझं तोंड बघायचं नाही, असं सरळ सांग ना," ती युजीनला म्हणाली.

"तसं नाही गं मॅमी."

"मग कसं?"

युजीनला कसं ते सांगता आलं नाही. त्याचा स्वभाव कोमट दुधासारखा, ज्या भांड्यात ओताल त्या आकाराचा. पण एक गोष्ट त्याने सांगितली. फिलोमिनाचा भाऊ समुद्रापलीकडे लीड्सला होता, आणि तिकडे मास्तरांची वानवा होती. ती म्हणाली होती, "युजीन, मी आणखी वीस वर्षं थांबणार नाही. सुट्टी संपायच्या आत घराचा पाया घातलास तर इथे, नाहीतर दोघं मिळून लीड्सला." आणि युजीन गेला असता. डिंफ्नाला ते पक्कं ठाऊक होतं.

तरी तिने जे केलं ते केलं. शहाणपण आणि हट्ट एका घरात नांदत नाहीत.

घर बांधायचं काम पॅकी मॅकअरीकडे होतं. पॅकी गवंडी चांगला, फक्त त्याचं तोंड हातांच्या दुप्पट चालायचं. त्याने आल्या आल्या सांगितलं की भल्या माणसांचा कौल घेतल्याशिवाय तो कुदळ मारणार नाही. भली माणसं म्हणजे ती, टेकड्यांच्या पोटात राहणारी, डोळ्यांना न दिसणारी. आम्ही त्यांचं खरं नाव तोंडाने घेत नाही, कारण ती ऐकत असतात. त्यांच्या जायच्या-यायच्या वाटा ठरलेल्या, आणि वाटेत कोणी भिंत उभी केली तर त्या घराचं काही खरं नाही. म्हणून रीत अशी, की संध्याकाळी जागेच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. सकाळी चारही जागच्या जागी असले तर बांधा. एक जरी हलला तर दुसरी जागा शोधा.

रविवारी संध्याकाळी सगळे टेकडीच्या मागच्या अंगाला जमले. फिलोमिनाला हसू आवरेना.

"हसू नका, मास्तरीणबाई," पॅकी म्हणाला. "आमच्या मावशीच्या गावात एकाने न विचारता घर बांधलं. काय झालं ठाऊक आहे?"

"काय झालं?"

"कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं आणि बायको गायला लागली."

"गाणं काही वाईट नाही, पॅकी."

"तिचं ऐकलं असतंत तर असं म्हणाला नसतात."

दगड त्याच शेतातले हवेत, बाहेरचे चालत नाहीत, असं पॅकी म्हणाला. तेव्हा फिलोमिनाने बांधावरचा एक गुळगुळीत गुलाबी दगड उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. "मग हा नाही चालणार. हा बाहेरचा आहे."

"छे! माझ्या सासऱ्यांनी याच शेतातून काढलेला दगड आहे तो," डिंफ्ना म्हणाली. आतापर्यंत ती मूग गिळून उभी होती.

"काढला इथून, पण जन्मला इथे नाही. आपला खालचा खडक करडा आहे, मिसेस ट्रेनर. असला ठिपक्यांचा गुलाबी दगड इथे कुठेच नाही. याचं माहेर तिकडे टायरोनच्या डोंगरात."

"आणि इथे कसा आला तो? बसने?" पॅकीने विचारलं.

"बर्फाने आणला."

मग तिने सांगितलं. शाळेतल्या पोरांना सांगते तसंच, एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यावरून सरकवत. कधीकाळी इथे सगळा बर्फच होता, असल्या कित्येक टेकड्या पोटात मावतील एवढा जाड. तो एका जागी बसत नव्हता, गोगलगाईपेक्षाही हळू सरकायचा. वाटेत जे भेटेल ते खरवडायचा, माती, वाळू, मुठीएवढे दगड, गाईएवढे दगड, सगळं पोटाखाली घ्यायचा. ओझं फार झालं की खाली थापायचा, वरून हात फिरवायचा आणि पुढे जायचा. या टेकड्या म्हणजे तेच थापलेलं ओझं. ज्या बाजूने बर्फ आला ती बाजू उभी आणि बोजड, ज्या बाजूला गेला तिकडे शेपटी.

"म्हणजे ही टेकडी देवाने नाही केली?" पॅकीने डोक्यावरची टोपी मागे सारली.

"देवानेच केली. फावडं बर्फाचं होतं."

"मध्ये चढ आला तर?" युजीनने विचारलं. त्याने आजवर टेकडीविषयी एवढा लांब प्रश्न कधी विचारला नव्हता.

"बर्फाला चढ-उताराचं काही नाही. मागून रेटा असतो ना. खालचे दगड त्याने कितीतरी वर नेऊन ठेवलेत."

"घ्या," डिंफ्ना म्हणाली, "आम्ही राहतो ती टेकडी म्हणजे कोणीतरी टाकून दिलेलं ओझं, हे ऐकायचं राहिलं होतं." पण रागवायचं म्हणूनच ती रागावली होती. त्या गुलाबी दगडाकडे तिने जाताना पुन्हा एकदा वळून पाहिलं. तीही इथे टायरोनकडूनच आली होती, एकोणिसाव्या वर्षी, एका ट्रंकेसह. तिला विचारलं कोणी नव्हतं.

जून महिन्यात आमच्याकडे कोंबड्याच्याही आधी उजाडतं. दुसऱ्या दिवशी पहाटे डिंफ्ना दुधाची बादली घेऊन निघाली, कोणी भेटलंच तर गाईकडे चाललेय म्हणायला. टेकडी ओलांडताना गुडघे कुरकुरत होते. चार दगड चार कोपऱ्यांवर शहाण्यासारखे बसले होते. त्यातला एक तिने उचलला. नुसता इकडचा तिकडे केला असता तरी भागलं असतं. पण एवढ्यावर भागवेल ती डिंफ्ना कसली? तिने दगड ॲप्रनमध्ये घेतला, धापा टाकत चढावर बराच वर नेला आणि आपल्या घराच्या दिशेला तोंड करून ठेवला. भली माणसं बोलणार तर त्यांनी युजीनच्या डोक्यात शिरेल असं बोलावं, एवढाच तिचा हेतू.

भल्या माणसांना ती मनापासून मानायची. त्यांच्या नावाने लबाडी करताना तिला धाकधूक होत होती. पण तिने मनाशी ठरवून टाकलं की विचारलं असतं तर त्यांनीही हेच केलं असतं. तरी जाताना तिने गवतावर थोडं दूध सांडून ठेवलं. वाद नको.

"वर गेलाय!" सकाळी पॅकी ओरडला. आवाज तीन टेकड्यांपलीकडे गेला असेल. "बघा, बघा! माणसाने केलं असतं तर लाथ मारून खाली ढकलला असता. वर कोण नेतो? हे त्यांचंच काम!"

युजीनने क्रूसाची खूण केली. फिलोमिना वाकून गवत बघत होती.

त्याच अंगाला थोडं पलीकडे दुसरी जागा ठरली. पुन्हा चार दगड. पुन्हा बादली, पुन्हा गुडघे, आणि पुन्हा एक दगड चढावर. आता गावभर बोभाटा झाला. चर्चमधली मिस्सा संपल्यावर लोक फादरना सोडून पॅकीभोवती जमायला लागले, आणि पॅकीच्या सांगण्यात दगड रोज थोडा मोठा होत गेला.

"मी म्हणतो," पॅकी एका संध्याकाळी डिंफ्नाच्या स्वयंपाकघरात सोडा ब्रेडवर लोणी थापत म्हणाला, "दगड दोन्ही वेळेला या घराकडे गेले. ती लोकं काही सुचवत तर नसतील?"

"अगं बाई! माझ्या लक्षातच आलं नाही," डिंफ्ना म्हणाली, आणि त्याला आणखी एक जाड तुकडा कापून दिला.

"विहिरीजवळचं शेत बघू या का?" युजीनने फिलोमिनाला भीत भीत विचारलं.

"बघू या की," फिलोमिना गोडीने म्हणाली. "कौल म्हणजे कौल."

एवढ्या गोडीत काहीतरी आहे हे डिंफ्नाला तिथेच कळायला हवं होतं. पण ती हवेत होती. त्या संध्याकाळी तिने शेतात दगड ठेवले जाताना पाहिले, खिडकीशी बसून जपमाळ ओढली आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपली. सकाळी तिने केक भट्टीत टाकला. तेवढ्यात बाहेरून पॅकीची आरोळी आली, आणि ती आनंदाची नव्हती.

एक दगड उताराने जाऊन विहिरीच्या कठड्याशी पडला होता.

डिंफ्ना तशीच बाहेर धावली. तिने हात लावला नव्हता! देवाशपथ, या वेळी तिने हात लावला नव्हता. म्हणजे भली माणसं रागावली होती. तिच्या नावावर नाही, त्यांच्या नावावर तिने दगड हलवले, आणि आता ती माणसं तिलाच दाखवत होती की दगड कसा हलवतात.

"घरंगळला असेल," ती म्हणाली. "गोल आहे रे तो, पॅकी. उतार आहे."

"आणि मागचे दोन चढावर घरंगळले का?" पॅकी म्हणाला. "नाही डिंफ्ना, हे साधं नाही."

युजीन विहिरीच्या कठड्यावर बसला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "संपलं," तो म्हणाला. "त्या बाजूला नको, या बाजूलाही नको. टेकडीलाच आम्ही नको असू. लीड्स तर लीड्स."

तो रागावून बोलला असता तर डिंफ्ना त्याच्याशी भांडली असती. पण तो इतका शांतपणे बोलला की तिला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. बोट दिसली, नाताळचं कार्ड दिसलं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकच कप दिसला. आपल्याच हाताने आपण चढावर कसलं ओझं नेत होतो, ते तिला तेव्हा कळलं. भट्टीतला केक जळल्याचा वास येत होता, पण कोणी उठलं नाही.

"शेपटी राहिलीय," ती म्हणाली.

"काय?"

"टेकडीची शेपटी. तळ्याकडची. तिकडे घाला दगड." तिने तळ्याकडे हात केला. "ती जागा माझ्या दारातून दिसत नाही. तिथून माझं दारही दिसत नसणार."

फिलोमिनाने मान वर करून तिच्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच तिला नीट बघत असावी.

"शेवटचं," युजीन म्हणाला. "तिथे हलला तर मी बॅग भरतो."

त्या संध्याकाळी शेपटीवर दगड ठेवले गेले. आणि पहाटे डिंफ्ना पुन्हा निघाली. या वेळी बादली नव्हती. तिने बाटलीत पवित्र पाणी घेतलं होतं, वाटीत लोणी घेतलं होतं, आणि मनात भल्या माणसांशी बोलायचं भाषणही तयार होतं. ती म्हणणार होती की अपराध माझा, पोराला शिक्षा नको. दगड हलला असलाच तर ती मुकाट्याने परत जागेवर ठेवणार होती, मग पुढे तिच्या कोंबड्यांनी अंडी घातली नाहीत तरी बेहत्तर.

तळ्यावर धुकं होतं. दगड चारही जागेवर होते. आणि पाचव्या, जरा मोठ्या दगडावर कोट गुंडाळून फिलोमिना मार्की बसली होती. शेजारी सायकल आडवी पडलेली, हातात थर्मास.

"या, मिसेस ट्रेनर," ती म्हणाली. "चहा घेता? साखर घालूनच आणलाय."

डिंफ्नाने लोण्याची वाटी पाठीमागे लपवली. "मी... गाय बघायला आले होते."

"लोणी घेऊन? गाईला?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चांगलं उजाडलं होतं. डिंफ्नाने एकदम उलटा वार केला. "आणि तू काय करतेस इथे? सूर्य उगवायच्या आत?"

"राखण. तुम्ही हा दगडही डोंगरावर नेऊन ठेवाल म्हणून."

"मी? मी कशाला..."

"मिसेस ट्रेनर," फिलोमिनाने चहा ओतला, "दगड आपणहून हलला तर खाली जातो. गाईने हलवला, पावसाने हलवला, पोरांनी हलवला तरी खालीच जातो. या गावात दगड चढावर नेणारं एकच झालं, ते म्हणजे बर्फ. आणि तो वितळून युगं लोटली. पहिल्या सकाळीच मी म्हटलं, बर्फ तर नाही. मग उरतं कोण? एक सासू."

डिंफ्नाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "विहिरीचा दगड! तो खाली गेला होता!"

"हो."

"तू!"

"मी खालच्याच बाजूला ढकलला," फिलोमिना शांतपणे म्हणाली. "दगडाची रीत मोडली नाही."

मग डिंफ्नाच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला. फिलोमिनाला वाटलं बाई रडतेय, ती थर्मास टाकून उठली. पण डिंफ्ना हसत होती. ती इतकी हसली की तिला त्या दगडावर टेकावं लागलं. मग फिलोमिनालाही हसू फुटलं, आणि दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत सुटल्या. शेरास सव्वाशेर भेटला की असंच होतं.

"युजीनला का नाही सांगितलंस?" डोळे पुसत डिंफ्नाने विचारलं.

"सांगितलं असतं तर त्याला आपल्या दोघींतून एक निवडावी लागली असती. त्याला मोजे निवडता येत नाहीत."

हे खरं होतं. डिंफ्नाने चहाचा घोट घेतला. मग जे इतके दिवस तिच्या मनात सलत होतं ते तिने सरळ विचारून टाकलं. "माझं दार दिसायला नको, एवढं मी काय केलंय गं तुझं?"

"तुम्ही काही नाही केलंत." फिलोमिनाने तळ्याकडे बघितलं. "माझी आई आजीच्या घरात राहिली. ती कपाट उघडायची तेव्हा आजी बघायची. खिडकी उघडायची तेव्हा बघायची. आजी वाईट नव्हती हो, नुसती बघायची. आई मरेपर्यंत पाहुण्यासारखी चहा मागून प्यायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, मला माझ्या दारासमोर कोणाचं दार नको."

टायरोनहून आलेल्या एका मुलीनेही या घरात पहिली काही वर्षं चहा मागूनच प्यायला होता. ते डिंफ्नाने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. तिने फक्त मान हलवली.

"पण दुसरंही एक आहे," फिलोमिना म्हणाली. "माझी विनी आत्या. तिचं घर एका टेकडीमागे होतं. कोणाचं दार दिसायचं नाही, कोणाला तिचं दिसायचं नाही. ती पडली, आणि आम्हाला कळलं तेव्हा..." तिने कोट अंगाभोवती ओढून घेतला. "काल संध्याकाळी दगड ठेवताना मी इथून वर पाहिलं. बघा बरं, काय दिसतं?"

डिंफ्नाने बघितलं. "काही नाही. टेकडीचा खांदा."

"त्याच्या वर?"

गवताच्या कडेवर, जेमतेम वीतभर, विटांचं एक टोक उभं होतं.

"माझं धुराडं," डिंफ्ना म्हणाली.

"मला तुमचं दार दिसायला नको," फिलोमिना म्हणाली, "पण धूर दिसायला हवा. रोज सकाळी. ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी मी शाळा सोडून धावत येईन."

एवढ्या वर्षांत आपल्या चुलीच्या धुराची वाट कोणी बघेल असं डिंफ्नाला कधी वाटलं नव्हतं. तिने हातातली लोण्याची वाटी फिलोमिनाच्या हातात दिली. का दिली ते दोघींनाही कळलं नाही, पण फिलोमिनाने ती घेतली.

सूर्य वर आला तेव्हा पॅकी आणि युजीन दबकत दबकत उतरले. चारही दगड जागेवर, आणि मध्ये सासू-सून चहा पीत बसलेल्या. पॅकीने टोपी काढली. दगडांपेक्षा त्याला त्या दोघींचंच जास्त नवल वाटलं असावं.

"हललेले नाहीत," युजीन हळूच म्हणाला.

"नाहीत," फिलोमिना म्हणाली.

"कोणी हात लावायची हिंमतच केली नसती," डिंफ्ना म्हणाली.

पॅकीने लगेच कुदळ मारली. मागच्या अंगाला पूर्वी एकदा गुरांच्या पाण्यासाठी खणलं होतं तेव्हा निळी चिकट माती निघाली होती, तिच्यात लहानमोठे दगड कसेही कोंबलेले, आणि खड्ड्यात लगेच पाणी भरलेलं. इथे मात्र कुदळ सर्रकन आत गेली. आत वाळू निघाली, कोरडी ठणठणीत. वरच्या थरात बारीक, खालच्या थरात जाड, हाताने चाळल्यासारखी.

"आयला! इथे घराला कधी ओल धरणार नाही," पॅकी ओरडला. "मास्तरीणबाई, हेही तुमच्या बर्फाचंच?"

"बर्फ निवडत बसत नाही, पॅकी. सगळं एकत्र ओततो आणि जातो. हे वितळलेल्या पाण्याने आणलंय. पाणी निवडून ठेवतं."

"म्हणजे पाणी सून झाली," डिंफ्ना म्हणाली. "आणि सगळं एकत्र ओतून जाणारा तो बर्फ कोण?"

"ते मी बोलणार नाही," फिलोमिना म्हणाली. युजीनला यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही, पण दोघी हसतायत म्हणून तोही हसला, आणि पॅकीला म्हणाला की पायाची दोरी आजच लावू या.

दुसऱ्या दिवशी डिंफ्ना नेहमीपेक्षा लवकर उठली. शेपटीवर तेव्हा दोरी आणि चार खुंट्या यापलीकडे काही नव्हतं. तिने चूल पेटवली. कोरड्या टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, विटा हाताशी असताना तिने दाराबाहेरच्या ढिगातून दोन ओलसर विटा आणून वर ठेवल्या. घर धुराने भरलं. खोकत, डोळे चोळत युजीन खोलीतून धावत आला.

"मॅमी! आग लागली का?"

"गप बस," डिंफ्ना म्हणाली आणि फुंकणी उचलली. "आत्तापासून सवय नको का करायला?"